‘कमर्शियलच आहे ना!’ म्हणून ऑफिसच्या जागेत अभ्यासिका चालते का? (पहिला मजला, वर फ्लॅट)

दारणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नाशिकमधल्या आमच्या सोसायटीचा मी सचिव. इमारत २००९ सालची. तळमजल्यावर सहा दुकानं, पहिल्या मजल्यावर एक मोठं ऑफिस आणि सोसायटीची छोटी खोली, त्याच्या वर तीन मजल्यांवर बारा फ्लॅट. जिना एकच, लिफ्ट एक. नकाशावर उंची १४.८५ मीटर लिहिलेली आहे.

पहिल्या मजल्यावरचं ऑफिस १४२ चौरस मीटरचं. मंजूर नकाशात त्या जागेवर ‘कार्यालय’ असं लिहिलंय, भोगवटा प्रमाणपत्रातही तेच. तिथे इतकी वर्षं विमा सल्लागारांचं काम चालायचं. सकाळी आठ-दहा माणसं यायची, संध्याकाळी साडेसहाला कुलूप.

आता ती जागा एका सरांनी विकत घेतली आहे. स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आणि जोडीला क्लास काढायचा आहे. ११० खुर्च्या, सकाळी सहा ते रात्री अकरा. सर चांगले आहेत, माझी मुलगी दहावीचं गणित त्यांच्याकडेच शिकली. त्यामुळे इथे कोणाचं कोणाशी भांडण नाही. त्यांनी सोसायटीकडे ना हरकत पत्र मागितलं, आणि कमिटीच्या बैठकीत दोन तास गेले.

एकाचं म्हणणं, जागा कमर्शियल होती आणि कमर्शियलच राहतेय, मग बदललं काय? दुसऱ्याचं म्हणणं, घरपट्टी आधीपासून बिगरनिवासी दराने भरली जाते, म्हणजे महापालिकेला सगळं ठाऊक आहे. तिसरे म्हणाले, सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या की विषय संपला. मला तिन्ही पटले नाहीत, पण का पटले नाहीत ते सांगता येईना. ऑफिस आणि अभ्यासिका कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या आहेत का? वेगळ्या असतील तर त्याने इमारतीत काय बदलतं? जाणकारांनी जरा विस्ताराने सांगावं. पत्रावर सही माझी होणार आहे.

---

सातबारा

भोगवट्याचा प्रश्न असेल तर आधी जमीन भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ ते तपासा. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

---

ओळंबा

सातबारा, तुमचा मुद्दा जमिनीचा आहे आणि आपल्या जागी तो बरोबर आहे. पण इथे विचारलंय ते वेगळं. जमीन महसूल संहितेतला ‘भोगवटादार’ म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते. इमारतीचा ‘भोगवटा’ म्हणजे आत कोण, किती आणि कशासाठी राहणार-वावरणार आहेत ते. शब्द एकच असल्यामुळे लोक तहसील कार्यालयात खेटे घालतात आणि काम महापालिकेच्या नगररचना विभागात असतं. हे मी अनेकदा पाहिलंय.

दारणाकाठ, मी वास्तुविशारद आहे. वापरबदलाच्या फायली वीसेक वर्षं करतोय. तुमच्या तिन्ही सभासदांना उत्तर देतो, पण आधी मूळ गोष्ट.

‘कमर्शियल’ हा शब्द घरपट्टीचा, वीजबिलाचा आणि इस्टेट एजंटचा. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ ची आवृत्ती, भाग ४ आग आणि जीवसुरक्षेचा, त्यात ‘कमर्शियल’ नावाचा गटच नाही. तिथे इमारतीचे गट वापरावरून पडतात. ए निवासी, बी शैक्षणिक, सी संस्थात्मक म्हणजे रुग्णालयं वगैरे, डी जनसमूह जमण्याच्या जागा, ई व्यवसाय, एफ विक्री, जी औद्योगिक, एच साठवण आणि जे धोकादायक. आय हे अक्षर वगळलंय. प्रत्येक गटाचे पुन्हा उपगट. तुमचे फ्लॅट ए-४. खालची दुकानं प्रत्येकी ५०० चौरस मीटरच्या आतली, म्हणून एफ-१. ऑफिस ई-१. म्हणजे ज्याला तुम्ही सगळे मिळून ‘कमर्शियल’ म्हणता त्यात आजच दोन वेगळे गट आहेत.

आता अभ्यासिका आणि क्लास. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांसाठी बी-२ आहे. एका व्यवस्थापनाखाली १०० किंवा जास्त विद्यार्थी असले की तो उपगट लागतो. ११० खुर्च्या म्हणजे तुम्ही सरळ बी-२ मध्ये गेलात. ई मधून बी मध्ये. याच संहितेत स्पष्ट म्हटलंय की वापर बदलल्यामुळे इमारत वेगळ्या गटात किंवा त्याच गटाच्या वेगळ्या उपगटात जात असेल, तर तिने नव्या गटाच्या अपेक्षा पूर्ण करायच्या. नवा वापर जुन्यापेक्षा कमी जोखमीचा असेल तर सूट आहे. ऑफिसातून अभ्यासिका होताना जोखीम वाढते, त्यामुळे ती सूट तुम्हाला नाही.

दुसरं, तुमची इमारत मिश्र वापराची आहे. एका इमारतीत अनेक वापर असले की आगीच्या बाबतीत सगळ्यात जास्त जोखमीच्या वापराचे निकष पूर्ण इमारतीला लागतात. जास्त जोखमीचा भाग चार तास आग थोपवणाऱ्या भिंतींनी तोडून वेगळा केला असेल तरच वापर वेगवेगळे धरता येतात. तुमच्याकडे जिना सगळ्यांना एकच. म्हणजे पहिल्या मजल्यावर जे होईल त्याचा हिशोब चौथ्या मजल्यावरच्या आजींनाही लागू आहे.

---

दारणाकाठ

ओळंबा साहेब, मनापासून आभार. पण संहिता बंधनकारक आहे का? कमिटीत एकजण म्हणाले की ती फक्त मार्गदर्शक आहे.

---

ओळंबा

देशपातळीवर ती शिफारसवजा आहे, हे खरं. पण राज्यं आपल्या नियमांतून ती लागू करतात. आपल्याकडे २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम याच संहितेकडे बोट दाखवतो. आणि वापरबदलाला परवानगी हवी हे संहितेवर अवलंबूनच नाही. १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम काढा. त्यातल्या ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येतच इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात महत्त्वाचा बदल करणं येतं. एक वीटही हलवली नाही तरी वापर बदलला म्हणजे विकास केला. कलम ४३ प्रमाणे परवानगीशिवाय तो करता येत नाही, कलम ४४ प्रमाणे अर्ज करायचा. न करता केला तर ५२ आणि ५३ आहेत, दंड आणि नोटीस.

नाशिकला २०२० ची एकात्मिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. मुंबई महापालिकेची हद्द सोडली तर बहुतेक राज्याला तीच. तिच्यात नव्या वापराला लागणारं पार्किंग, रस्त्याची रुंदी हे पुन्हा तपासलं जातं.

आता तुमचे सभासद. घरपट्टी बिगरनिवासी दराने घेतली म्हणजे कर घेतला, परवानगी दिली नाही. बेकायदा बांधकामालाही कर लागतो. शॉप अ‍ॅक्टचंही तसंच. २०१७ च्या कायद्यात कामगार थोडे असतील तर नुसती सूचना द्यायची असते, आणि तिची पावती लोक फ्रेम करून लावतात. ती जागेच्या वापराची परवानगी नव्हे. सोसायटीचा ठराव हवाच, कारण जिना-पार्किंग सगळ्यांचं आहे. पण बारा घरांनी हात वर केल्याने जिना रुंद होत नाही.

---

शिडी

ओळंबांनी कायदा सांगितला. मी अग्निशमन दलात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालोय, मी माणसं मोजायला सांगतो.

सचिव साहेब, उद्या सकाळी मेजर टेप घेऊन जिन्यात उभे राहा. चार गोष्टी मोजा आणि इथे लिहा. भिंत ते कठडा जिन्याची रुंदी. ऑफिसच्या दाराची रुंदी, आणि ते आत उघडतं का बाहेर. हॉलच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापासून जिन्यापर्यंत चालायचं अंतर. आणि वीजमीटर कुठे आहेत. खाली जिन्याच्या तोंडाशी गाड्या लागतात का तेही बघा, रात्री नऊनंतर.

---

पेठेतला

मी पुण्यात सदाशिव पेठेत अडीच वर्षं अभ्यासिकेत काढली. राज्यसेवेची तयारी. आमची अभ्यासिका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. नव्वद टेबलं, मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. चपला आत न्यायच्या नाहीत म्हणून जिन्याच्या पायऱ्यांवर. परीक्षेच्या दिवसांत सकाळी साडेसहाला गेलं तरी वरच्या आठ-दहा पायऱ्या चपलांनीच भरलेल्या. खिडक्यांना आतून थर्माकोल, गाड्यांचा आवाज येऊ नये म्हणून. रात्री बारानंतर खालचं शटर ओढलेलं असायचं आणि किल्ली ज्याच्याकडे तो तिथेच खुर्चीवर झोपलेला.

त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गावाकडून आलेल्या पोराला महिना आठशे-हजारात बसायला जागा, पंखा, शांतता मिळत होती. खोलीवर सहाजण राहायचो, तिथे अभ्यास होणं शक्य नव्हतं. म्हणून विनंती आहे, नियम दाखवून अभ्यासिका बंद पाडू नका. आमच्यासारख्यांना दुसरी जागा नसते.

---

शिडी

बेटा, तू लिहिलेली प्रत्येक ओळ मी तपासणीच्या वेळी डोळ्यांनी पाहिलेली आहे. आणि तुझी विनंती रास्त आहे. अभ्यासिका हव्यात. पण त्या जिन्यातल्या चपलांचा विचार कर. दिवे गेलेत, धूर खालून वर येतोय, नव्वद पोरं एकदम उठली आहेत आणि वरच्या दहा पायऱ्यांवर ऐंशी जोड चपला. पहिली दोन पोरं पडली की तो जिना बंद झाला. आगीत बहुतेक माणसं जळून जात नाहीत, धुराने जातात, आणि धूर तुमच्याआधी जिन्यात पोहोचतो.

२४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये काय झालं ते सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिलं. खाली दुकानं, वरच्या मजल्यावर क्लास. २२ जीव गेले, बहुतेक विद्यार्थी. खाली येण्याचा रस्ता आगीने अडवला आणि पोरांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत जुन्या राजिंदरनगरला तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी गेले. तळघराची मंजुरी साठवणीसाठी होती, तिथे मुलं बसवली होती. एका ठिकाणी आग, दुसरीकडे पाणी. पण दोन्हीकडे जागा ज्या कामासाठी मंजूर होती त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं तिथे बसलेली होती, आणि बाहेर पडायची वाट जुन्याच कामापुरती होती.

वर्गीकरण म्हणजे कागदावरचं अक्षर नाही. त्या अक्षरावरून ठरतं की जिना किती रुंद, दारं किती, पाणी किती.

---

दंतवैद्य

माझा अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहिते. निवासी इमारतीच्या तळमजल्यावरच्या दुकानात मी दवाखाना काढला. तपासून घरी पाठवायचं, कोणालाही ठेवून घ्यायचं नाही, म्हणून तो ई-२ मध्ये बसला. फाईल झाली, फार त्रास नाही झाला. पुढे मिस्टरांनी (तेही डॉक्टर) वरचा फ्लॅट घेऊन चार खाटांचं शुश्रूषागृह करायचं ठरवलं. आमच्या वास्तुविशारदांनी पहिल्याच भेटीत थांबवलं. म्हणाले, वहिनी, रुग्ण रात्री झोपला की गट सी-१ होतो, कारण तो स्वतः उठून पळू शकत नाही. जिना दोन मीटरचा लागतो. तुमचा सव्वा मीटर आहे, आणि स्ट्रेचर वळत नाही.

तेव्हा खूप वाईट वाटलं, कर्ज मंजूर झालं होतं. पण २०२१ च्या मार्चमध्ये भांडुपच्या ड्रीम्स मॉलमधल्या रुग्णालयाची आग बातम्यांत पाहिली, मॉलच्या वरच्या मजल्यावर रुग्ण होते, आणि त्यानंतर पुन्हा कधी त्या फ्लॅटचं नाव काढलं नाही.

---

सुगरणीचा खोपा

इथेच विचारू का? मी घरी पाळणाघर चालवते. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, चौदा मुलं. मलाही हे सगळं लागू होतं का? वाचून धास्ती वाटतेय.

---

ओळंबा

ताई, धास्ती नको. बी-१ हा शाळेचा उपगट किमान वीस मुलांपासून सुरू होतो, त्यामुळे चौदा मुलांवर तुम्ही त्यात येत नाही. पण विकास नियंत्रण नियमांत निवासी जागेत काय चालतं ते तुमच्या शहराच्या नगररचना विभागात विचारून लेखी घ्या, आणि सोसायटीला कळवा. आणि वीसचा आकडा कायद्याचा झाला. तुमच्याकडची किती मुलं स्वतः जिना उतरतात? दोन वर्षांखालची चार असतील आणि मोठी माणसं तुम्ही एकट्याच असाल, तर दोन हातांत दोन मुलं जातील. मदतनीस ठेवा. बाकी दुपारी मुलं झोपलेली असताना बाहेरून कुलूप लावून दुकानात जाऊ नका, एवढंच.

---

दारणाकाठ

मोजून आलो. मुलगा मदतीला होता.

जिना भिंत ते कठडा १.१८ मीटर. ऑफिसचं दार ९० सेंटिमीटर, आत उघडतं. शेजारी एक जुनं रोलिंग शटर आहे, ते बाहेरच्या गॅलरीत उघडतं आणि गॅलरी पुढे बंद आहे. हॉलच्या लांबच्या कोपऱ्यातून जिन्यापर्यंत १९ मीटर. वीजमीटर सगळे, म्हणजे अठराही, जिन्याखाली लाकडी पेटीत. पेटीच्या दाराला खिट्टी नाही, आत कोणीतरी जुने झाडू ठेवलेत. रात्री साडेनऊला जिन्याच्या तोंडाशी सात दुचाक्या होत्या, त्यातली एक माझी. ती काल रात्रीच हलवली.

हॉलच्या मागच्या तिन्ही खिडक्यांना पेटीसारखी ग्रिल आहेत, एकही उघडत नाही.

एक शंका. मी वाचलं की जिन्याला माणशी १० मिलिमीटर रुंदी धरतात. म्हणजे ११८० भागिले १० म्हणजे ११८ माणसं. सरांच्या खुर्च्या ११०. मग जमतंय की?

---

ओळंबा

छान मोजलंत, आणि शंका अगदी योग्य आहे. इथेच बरेचजण चुकतात.

क्षमता आणि किमान रुंदी या दोन वेगळ्या चाचण्या. दोन्हीत पास व्हावं लागतं. क्षमतेत तुम्ही कसेबसे बसता. पण शैक्षणिक वापराला जिना किमान १.५ मीटर हवा, इमारत २४ मीटरपर्यंतची असेल तर. त्याच्या वर २ मीटर. तुमचा १.१८. फ्लॅटच्या इमारतीला सव्वा मीटर लागतो, त्यातही तो थोडा कमीच आहे, बहुधा गिलावा आणि कठड्याने खाल्ला.

आता माणसांचा हिशोब. संहितेत दर माणशी किती चौरस मीटर धरायचे याचा तक्ता आहे. ऑफिसला १०, म्हणजे १४२ मध्ये १४ माणसं. तुमच्या विमावाल्यांची आठ-दहा माणसं या हिशोबात बरोबर बसत होती, इमारत त्यांच्यासाठीच बांधली होती. शैक्षणिक वापराला ४, म्हणजे ३५-३६ माणसं. आणि नियम असा की तक्त्यातून येणारा आकडा आणि प्रत्यक्ष बसवायची माणसं यातला जो मोठा तो धरायचा. म्हणजे ११०. एकाच हॉलमध्ये १४ ची ११० झाली. वरच्या फ्लॅटना माणशी १२.५ चौरस मीटर धरतात, यावरून फरक बघा.

कोणी म्हणेल, मग ९९ खुर्च्या ठेवतो, बी-२ ला १०० लागतात. असं विचारणारे मला भेटलेत. ९९ मुलं बसली म्हणून ते ऑफिस होत नाही. सुट्या खुर्च्यांचा, तीनशे माणसांच्या आतला हॉल डी गटाकडे झुकतो आणि तिथे सुट्या खुर्च्यांना माणशी ०.६ चौरस मीटर धरतात. त्या हिशोबाने तुमच्या हॉलचा आकडा दोनशेच्या वर जाईल. आकडा चुकवायला गेलात तर जास्त कडक गटात सापडाल.

अंतर मात्र ठीक आहे. ३० मीटरची मर्यादा, तुमचे १९. पण बंद गॅलरीकडे बघा. शैक्षणिक वापरात एकाच टोकाने बंद असलेल्या वाटेला ६ मीटरचीच मुभा आहे, घरं-कार्यालयांसारख्या वापरांत १५. धुरात माणूस चुकून त्या गॅलरीत गेला तर परत फिरावं लागेल. शटर हे निर्गमनाचं दार म्हणून धरलंच जात नाही, ते नकाशावर दाखवू नका. दार किमान एक मीटर हवं आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं. गर्दी दाराला रेटते तेव्हा आत उघडणारं दार उघडतच नाही.

आणि एक गोष्ट कोणी विचारलीच नाही. स्लॅब. भारतीय मानक ८७५, भाग २ प्रमाणे घराला चौरस मीटरमागे साधारण २०० किलो भार धरतात, वर्गखोलीला ३००, सुट्या खुर्च्यांच्या सभागृहाला ५००. वेगळं साठवण नसलेल्या ऑफिसला ४००, साठवण वेगळं असेल तर २५०. तुमच्या मूळ संरचनेच्या नकाशात काय धरलंय ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला बघू द्या. भिंतीकडेने पुस्तकांची कपाटं लावणार असतील तर नक्कीच.

---

हडसनकाठ

न्यू जर्सीत बांधकाम परवान्यांच्या कामात आहे, म्हणून दोन ओळी. इथे आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत जमण्याच्या जागेत ५० पेक्षा कमी माणसं असतील तर ती व्यवसाय गटात धरतात. त्यामुळे छोट्या हॉलच्या दारावर जागोजागी ‘कमाल ४९’ अशी पाटी दिसते. आणि बारावीच्या पुढचं शिक्षण इथे शाळेत न मोजता व्यवसाय गटातच मोजतात. तुमच्याकडच्या आकड्यांशी तुलना करू नका, पद्धत वेगळी आहे. पण पाटीची सवय मला फार आवडते. किती माणसं आत मावतात हे दारावरच लिहिलेलं असतं, पोरांनाही दिसतं, पालकांनाही. अभ्यासिकांना हे करायला कोणाची परवानगी लागत नाही.

---

पेठेतला

पाटीची कल्पना खरंच चांगली. आमच्या अभ्यासिकेत जून-जुलैमध्ये टेबलं वाढायची, नव्वदची एकशे दहा व्हायची. पाटी असती तर आम्हीच बोललो असतो.

---

शिडी

सचिव साहेब, तुमचे मीटर जिन्याखाली लाकडी पेटीत आहेत हे वाचून मी जेवताना थांबलो. अभ्यासिका होवो न होवो, ते आधी करा. एकच जिना, त्याच्या तळाशी अठरा वीजमीटर, लाकूड, झाडू आणि समोर पेट्रोल भरलेल्या सात गाड्या. आग अनेकदा तिथेच लागते आणि धूर थेट बारा घरांच्या दारात. धातूची पेटी, मागे भिंतीला न जळणारा बोर्ड, जिन्यापासून तोडलेली जागा. वायरमनकडून जुन्या वायरी तपासून घ्या. सर सहा एसी लावणार असतील तर मंजूर वीजभार वाढवून घेतल्याशिवाय लावू देऊ नका. विमा कार्यालयाच्या वायरीवर सहा एसी म्हणजे एप्रिलच्या दुपारी भिंतीतच वायर तापणार.

आणि ग्रिल. मागच्या एका तरी खिडकीला आतून उघडणारं, बिजागरीचं ग्रिल करा. किल्ली लागता कामा नये. आमची शिडी त्या खिडकीला लागते. बंद ग्रिल कापायला वेळ जातो, आणि त्या वेळात आतली माणसं धूर गिळत असतात.

तुमची इमारत १५ मीटरच्या आत, म्हणून २००९ साली आगीच्या अटी फारशा लागल्या नसणार. वापर बदलायला जाल तेव्हा अग्निशमन विभाग नव्याने बघेल, ते चांगलंच आहे. यंत्रणा बसली की पुढे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते मालकाचं किंवा भोगवटादाराचं काम आहे, अग्निशमनवाल्यांचं नाही. कित्येक सोसायट्यांत नळी बसवल्यापासून वॉल्व एकदाही फिरवलेला नसतो.

---

सातबारा

मी सुरुवातीला गल्लत केली, ओळंबांचे आभार. मागच्या मोकळ्या जागेत लोखंडी जिना लावून दुसरी वाट करता येणार नाही का? आमच्या गावात एका मंगल कार्यालयाने तसं केलंय.

---

ओळंबा

विचार चांगला आहे, पण इथे अडचण आहे. ती मोकळी जागा म्हणजे सामासिक अंतर. ते मोकळं ठेवायचं म्हणून सोडलेलं असतं, हवा-उजेडासाठी आणि वेळ आली तर अग्निशमनच्या माणसांना फिरायला. दारणाकाठ म्हणतील तर नकाशा पाहून सांगतो, पण मागे तीनच मीटर सोडलेले असतील तर त्यात जिना बसवून मी सही करणार नाही. शिवाय ती जमीन सोसायटीची, एका गाळेधारकाची नव्हे.

---

दारणाकाठ

मागे ३ मीटरच आहेत. तो पर्याय संपला.

काल सरांना घरी बोलावलं. चहा झाला, मग हा धागाच त्यांच्यासमोर ठेवला. ते सगळं वाचत बसले, पाऊणएक तास. सुरतचं वाचून त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, ‘मी ११० हा आकडा खुर्च्या किती मावतील यावरून काढला होता, जिना माझ्या डोक्यातच आला नाही.’ मी त्यांना म्हटलं, सर, पंधरा वर्षं रोज तो जिना चढतोय, माझ्याही नाही आला.

मग वही घेऊन बसलो. ठरलं ते असं. हॉलमध्ये फक्त अभ्यासिका, ३६ टेबलं, त्यापुढे एकही नाही. क्लास इथे घ्यायचा नाही. जवळच्या शाळेच्या वर्गखोल्या संध्याकाळी भाड्याने मिळतात, तिथे ते शिकवतील, ती इमारत शाळेसाठीच बांधलेली आहे. चपलांसाठी आत रॅक, जिन्यात काहीही नाही. रात्री अकराऐवजी दहा, आणि मुलं आत असेपर्यंत खालचं शटर उघडं. सत्तर-पंच्याहत्तर मुलांची फी कमी होईल म्हणून ते जरा गप्प झाले होते, ते मला दिसलं. कमिटीकडे मी मांडणार आहे की पहिली दोन वर्षं त्यांच्या देखभाल खर्चात काय सवलत बसते ते बघू.

ओळंबा साहेब, ३६ वर आलो तर परवानगीची गरज उरते का?

---

ओळंबा

सरांना माझा नमस्कार सांगा. इतक्या सरळपणे आकडा खाली आणणारा मालक मला क्वचित भेटला.

परवानगी लागतेच. ३६ मुलांची अभ्यासिका म्हणजेही कार्यालय नव्हे, मंजूर नकाशावर ‘कार्यालय’ लिहिलंय. फरक एवढाच की आता तुम्ही १०० च्या खाली आहात आणि तक्त्यातला आकडा आणि टेबलं जुळतात, त्यामुळे नगररचना विभागासमोर मांडायला बाजू भक्कम आहे. जिना १.१८ च राहतो, ते लपवू नका, नकाशावर खरं माप दाखवा आणि त्याबरोबर काय काय केलंय ते लिहा. रुंद आणि बाहेर उघडणारं दार, उघडणारं ग्रिल, मीटर हलवलेले, अग्निशामक सिलिंडर, आपत्कालीन दिवे, धूरसूचक. निर्णय त्यांचा. ते आणखी अटी घालतील, कदाचित नाहीही म्हणतील. नाही म्हटलं तर कलम ४७ खाली अपील आहे, पण तोवर टेबलं मांडायची नाहीत.

अर्जासोबत मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालकीचा कागद, सोसायटीचा ठराव, संरचना अभियंत्याचा दाखला आणि बदललेला नकाशा लागेल. तुमच्या ना हरकत पत्रात ‘सोसायटीची हरकत नाही’ एवढंच मोघम लिहू नका. ‘महापालिका व अग्निशमन विभागाची वापरबदलाची परवानगी मिळाल्यावर, कमाल ३६ विद्यार्थ्यांच्या अभ्यासिकेसाठी, क्लास वगळून’ असं लिहा. सही तुमची आहे.

---

दारणाकाठ

तसंच लिहिलंय. रविवारच्या सभेत ठराव मंजूर झाला, बारापैकी अकरा घरं आणि पाच दुकानदार हजर होते. चौथ्या मजल्यावरच्या आजी खाली उतरून आल्या होत्या, त्यांनी मीटरच्या पेटीचा विषय दोनदा काढला. वायरमन बुधवारी येतोय. दुचाक्यांसाठी बाजूच्या भिंतीलगत पिवळ्या रेषा मारून घेतल्या, पहिली माझी गाडी तिथे लागली.

ओळंबा साहेब, जुने संरचना नकाशे बिल्डरकडे मिळाले नाहीत. त्यांच्याशिवाय स्लॅबचा दाखला कसा मिळवायचा?

---

ओळंबा

महापालिकेच्या अभिलेख कक्षात बांधकाम परवानगीच्या क्रमांकाने शोधा, २००९ ची फाईल मिळायला हवी. माहिती अधिकारात प्रत मागता येते. तिथेही नसेल तर अभियंता जागेवर येऊन स्लॅबची जाडी आणि सळ्या यंत्राने तपासतो, त्यावरून दाखला देतो. त्याला खर्च येईल, पण तो सरांनी करायचा आहे, सोसायटीने नाही, हे ठरावात लिहिलं नसेल तर आधी लिहून घ्या.